‘लूज कनेक्शन होतं’ : एका प्रोजेक्ट रिपोर्टचं परीक्षण

रिसर्च पेपर कसा वाचायचा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पेपरकडे जाण्याआधी एक सोपा सराव सुचवते. एखादा जुना प्रोजेक्ट रिपोर्ट घ्या आणि तो परीक्षकाच्या नजरेनं वाचा. या वेळी मी तेच केलंय. रिपोर्ट माझाच आहे, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर इतकं स्पष्ट लिहिणं बरं दिसलं नसतं. शिवाय छापलेल्या ओळींमागे प्रत्यक्षात काय घडलं होतं, ते मला फक्त माझ्याच रिपोर्टबद्दल माहीत आहे.

प्रोजेक्ट चालला. मार्क चांगले पडले. व्हायवात डिस्प्लेवर आकडे दिसले आणि बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावून पुढच्या टेबलाकडे गेले. तरीही त्या रिपोर्टमधलं एक पान आज माझ्याकडे तपासायला आलं तर मी ते परत पाठवीन. ‘अडचणी व उपाय’ हे ते पान.

आधी प्रोजेक्ट काय होता ते सांगते. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत हे तुम्हाला माहीत असेल. शाडूच्या मूर्तीला पावसाळ्यात एक हमखास त्रास असतो. ती वरून सुकलेली दिसते, पण पोटात ओल राहते. तशीच रंगवली की आतली ओल बाहेर पडताना रंगाला फुगवते आणि पोपडे सुटतात. मी रोह्याची, दिवा गाडीनं पेणला जाणं सोपं. तिथल्या एका कारखान्यात, हॅलोजन आणि पंखे लावून मूर्ती सुकवतात आणि तिथेच एका कोपऱ्यात रंगवतात अशा खोलीत, मी हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र बसवलं. आर्डुइनो उनो, डीएचटी२२ सेन्सर, वेळ कळावी म्हणून डीएस३२३१ घड्याळ, मेमरी कार्ड आणि दोन ओळींचा डिस्प्ले. सगळा माल लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली गेली की डिस्प्लेवर ‘रंगकाम चालेल’ असं यायचं.

आता ते पान. तीनच नोंदी आहेत:

१. बोर्ड वारंवार रीसेट होत होता. कारण : लूज कनेक्शन. उपाय : सोल्डरिंग केले.
२. सेन्सर चुकीचे रीडिंग देत होता. कारण : सेन्सर खराब. उपाय : नवीन बसवला.
३. डिस्प्लेवर एकच आकडा अडकत होता. कारण : सॉफ्टवेअर एरर. उपाय : कोड दुरुस्त केला.

‘अडचण’ आणि ‘उपाय’ या दोन्हींत लिहिलेलं सगळं खरं आहे. बोर्ड रीसेट होत होता, मी सोल्डरिंग केलं, नंतर तो रीसेट झाला नाही. गडबड आहे ती मधल्या ‘कारण’ या शब्दात. तिथे जे लिहिलंय ते मी शोधलेलं कारण नाही, उपायावरून उलटं जाऊन लावलेला अंदाज आहे. सोल्डर केलं आणि थांबलं, म्हणजे कनेक्शनच लूज असणार. सेन्सर बदलला आणि आकडा सुधारला, म्हणजे सेन्सरच खराब असणार. वस्तू दुरुस्त झाली म्हणजे कारण कळलं, असं मी धरून चालले होते. या रिपोर्टवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिन्ही नोंदींना तो कसा लागू होतो ते बघू.

पहिली नोंद : रीसेट

रिपोर्ट लिहिताना मी एक गोष्ट बघितलीच नव्हती. मेमरी कार्डवर प्रत्येक रीस्टार्टची वेळ नोंदली गेली होती. दोन वर्षांनी ती फाइल उघडली तेव्हा दिसलं की रीस्टार्ट दिवसभर विखुरलेले नाहीत. सकाळी कामाच्या वेळात गर्दी, जेवणाच्या सुट्टीत एकही नाही, दुपारी पुन्हा गर्दी, रात्री शून्य. लूज वायर जेवणाची सुट्टी पाळत नाही. त्या वेळात कारखान्यात सुरू आणि बंद होणारी एक गोष्ट होती : स्प्रे गनचा कॉम्प्रेसर.

मग मी सोल्डरिंगची तारीख बघितली. गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी. तोपर्यंत कारखान्यातलं स्प्रेचं काम संपलेलं होतं, फक्त मूर्ती नेणाऱ्यांची ये-जा चालू होती. म्हणजे सोल्डरिंग झाल्यापासून कॉम्प्रेसर लागलाच नव्हता. माझा ‘उपाय’ यशस्वी झाला कारण हंगाम संपला.

पुढच्या हंगामात तेच सर्किट घेऊन पुन्हा गेले आणि या वेळी आधी संशयितांची यादी केली. एक, लूज कनेक्शन. दोन, कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना ओढणाऱ्या करंटमुळे लाइनचं व्होल्टेज क्षणभर पडणं. तीन, मोटरचा विद्युत गोंगाट वायरींतून आत येणं. तिघांना वेगळं पाडतील अशा चाचण्या हव्या होत्या.

चार्जर कॉम्प्रेसरच्याच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवून कॉम्प्रेसर २० वेळा सुरू केला : १३ रीस्टार्ट. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त वीज पॉवर बँकेवरून दिली आणि पुन्हा २० वेळा सुरू केला : ०. कॉम्प्रेसर बंद ठेवून प्रत्येक वायर हातानं हलवली, तेही २० वेळा : ०.

त्यात आणखी एक पुरावा मिळाला. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचं छोटं रजिस्टर असतं. चिप रीस्टार्ट झाली ती वीज आल्यामुळे, रीसेट पिनमुळे, व्होल्टेज पडल्यामुळे की वॉचडॉगमुळे, याची खूण त्यात राहते. उनोच्या बूटलोडरमध्ये ती खूण आपला प्रोग्राम सुरू होण्याआधीच पुसली जाते, म्हणून मी प्रोग्रामर लावून बूटलोडरशिवाय प्रोग्राम टाकला. तेराच्या तेरा वेळा खूण होती ब्राउन-आउटची, म्हणजे व्होल्टेज पडल्याची.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. उनोमध्ये ही ब्राउन-आउटची मर्यादा सहसा २.७ व्होल्टला लावलेली असते. पण १६ मेगाहर्ट्झवर ही चिप नीट चालण्यासाठी डेटाशीटप्रमाणे सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. या दोन आकड्यांच्या मध्ये चिप रीसेटही होत नाही आणि बरोबर चालेल याची हमीही नसते. माझ्या जुन्या फाइलमध्ये काही ओळी अर्धवट, विचित्र चिन्हांच्या होत्या. त्या मी ‘कार्डचा प्रॉब्लेम’ म्हणून खोडल्या होत्या. कदाचित त्याच क्षणांच्या असतील. आता ते सिद्ध करता येत नाही, कारण खोडताना मूळ प्रत ठेवली नव्हती.

चार्जरपुढे १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला तर २० पैकी १ रीस्टार्ट. म्हणजे सुधारणा, पण पूर्ण बरा नाही. चार्जर वेगळ्या सॉकेटवर नेला तर ०. मग सगळं पुन्हा आधीसारखं केलं आणि रीस्टार्ट परत सुरू झाले. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रश्न मिटल्यावर तो मुद्दाम परत कोण आणतं? पण बिघाड हवा तेव्हा आणता आणि हवा तेव्हा घालवता येत नाही, तोवर कारण सापडलं असं म्हणू नये.

आणि २० पैकी ० म्हणजे ‘कधीच नाही’ असंही नाही. संख्याशास्त्रात तिनाचा एक सोपा नियम आहे : न वेळा करून एकदाही घडलं नाही, तर खरी शक्यता साधारण ३ भागिले न इतकी असू शकते. २० चाचण्यांसाठी ते १५ टक्के येतं. २० पैकी १३ आणि २० पैकी ० यांतला फरक खरा मानायला हे पुरतं. पण यंत्र आता कधीच रीसेट होणार नाही असं लिहायला पुरत नाही.

‘लूज कनेक्शन’ हे कारण कधीच खरं नसतं, असं मला म्हणायचं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेतल्या ओपेरा प्रयोगानं जाहीर केलं, की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर अंतर प्रकाशाच्या हिशेबापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पार करतायत. २०१२ मध्ये चूक सापडली. जीपीएसची वेळ आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर पूर्ण आवळलेला नव्हता. म्हणजे जगातल्या मोठ्या प्रयोगातही लूज कनेक्शनच होतं! पण त्यांनी नुसतं आवळून ‘प्रश्न मिटला’ असं लिहिलं नाही. केबल सैल असताना किती उशीर होतो ते मोजलं : सुमारे ७३ नॅनोसेकंद. एका घड्याळातली दुसरी चूक शोधली, जी सुमारे १५ नॅनोसेकंदांनी उलट्या दिशेला होती. दोन्ही मिळून जवळजवळ ६० येतात. शेजारच्या एलव्हीडी या दुसऱ्या डिटेक्टरच्या नोंदींशी ताडून ही चूक २००८ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत होती हेही दाखवलं. माझंही कारण लूज कनेक्शन, त्यांचंही. त्यांच्या कारणाला आकडा होता, आणि तो आकडा बिघाडाच्या आकड्याशी जुळत होता.

दुसरी नोंद : सेन्सर

ही नोंद सगळ्यात वाईट आहे, कारण तिच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं.

जुलैत एका दिवशी बाहेर धो धो पाऊस आणि सेन्सर ५८ टक्के दाखवत होता. मी सेन्सर बदलला, जुना फेकला. नवा नीट चालला. ऑगस्टच्या शेवटी डिस्प्लेवर ६२ दिसत होतं, ‘रंगकाम चालेल’. काकांनी दोन फळ्या मूर्ती रंगवल्या आणि आठवड्याभरात बऱ्याच मूर्तींचे पोपडे सुटले. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अगं, रोज आम्ही पाठीला हात लावून बघतो, गार लागते का. तुझं मशीन चालेल म्हणालं, म्हणून या वेळी बघितलं नाही.”

ही घटना रिपोर्टमध्ये नाही. रिपोर्ट दिला एप्रिलमध्ये, घटना ऑगस्टची. विसरले होते असं म्हणता येणार नाही. ‘निष्कर्ष’ प्रकरणात ‘यंत्रणा कारागिरांना उपयुक्त ठरली’ असं वाक्य मात्र आहे.

आमच्या शेजारचा एक दादा धाटावच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. त्याला हे सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “काढलेला सेन्सर काय दाखवत होता, ते कशाशी ताडून बघितलंस?” त्याच्या कामात कुठल्याही मीटरला हात लावण्याआधी तो आहे त्या स्थितीत काय दाखवतो ते लिहितात, त्याला ते ‘ॲज फाउंड’ म्हणतात. दुरुस्तीनंतर काय दाखवतो ते ‘ॲज लेफ्ट’. पहिला आकडा नसेल तर मीटर किती दिवस आणि किती खोटं बोलत होता हे कळायला मार्ग राहत नाही. मी तर सेन्सरच फेकला होता. पुराव्याची वस्तूच कचऱ्यात.

ताडून बघणं महाग नसतं. बंद बरणीत मिठाचा ओला लगदा ठेवला, म्हणजे पाणी इतकं थोडं की मीठ पूर्ण विरघळणार नाही, तर बरणीतली हवा २५ अंशांना सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. घरात वापरतो त्या तापमानात हा आकडा फारसा हलत नाही. सेन्सर लगद्याला न टेकवता रात्रभर आत ठेवायचा. पेणकर असाल तर मिठागरातलं जाडं मीठ घ्यायचा मोह होईल, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. निव्वळ मॅग्नेशियम क्लोराइडचा आकडा सुमारे ३३ आहे, त्यामुळे अशुद्ध मिठानं उत्तर खाली घसरू शकतं. शुद्ध मीठच घ्या.

पुढच्या हंगामात एकाच वेळी घेतलेले दोन सेन्सर असे तपासले. सुरुवातीला ७६ आणि ७४. एक रंगाच्या खोलीत, दुसरा कच्च्या मूर्तींच्या शेडमध्ये ठेवला. सहा आठवड्यांनी त्याच बरणीत रंगाच्या खोलीतला ६३ दाखवत होता, शेडमधला ७४. म्हणजे खरी आर्द्रता ७५ असताना माझं यंत्र ‘रंगकाम चालेल’ म्हणालं असतं. त्या ऑगस्टमध्ये बहुधा हेच झालं.

मग कारण काय? थिनरच्या वाफा, असं लिहायला माझा हात शिवशिवतो. डेटाशीटमध्येही रासायनिक वाफांनी सेन्सर बिघडतो असा इशारा आहे. पण रंगाच्या खोलीत वाफांबरोबर रंगाचे कण होते, हॅलोजनची उष्णता होती, आणि सेन्सर प्रत्येक जागी एकेकच होता. म्हणून मला एवढंच म्हणता येतं : त्या खोलीत ठेवलेला सेन्सर सहा आठवड्यांत खूप कमी दाखवू लागला, शेडमधला नाही. वाफा वेगळ्या पाडायच्या तर बंद डब्यात फक्त थिनर आणि सेन्सर ठेवून बघावं लागेल. ते अजून राहिलंय. ‘सेन्सर खराब’ या दोन शब्दांपेक्षा हे वाक्य लांब आहे आणि त्यात अर्धं उत्तर आहे. तरी ते जास्त उपयोगी आहे, कारण पुढच्यानं सेन्सर तिथे ठेवू नये हे त्यातून कळतं. नवीन सेन्सर घ्या, या सल्ल्यानं दर सहा आठवड्यांनी तेच घडलं असतं.

इथे रिपोर्टच्या शीर्षकावरही आक्षेप घ्यायला हवा. त्यात ‘मूर्तींची शुष्कता’ असा शब्द आहे. मोजली होती खोलीतली हवा. हवा कोरडी असूनही मूर्तीच्या पोटात ओल असू शकते. काकांचा हात मूर्तीलाच लागत होता : पाणी उडून जात असेल तर पृष्ठभाग गार लागतो. एखादी मूर्ती रोज वजन करून, वजन घटायचं थांबतं का ते बघितलं असतं तरी जास्त कळलं असतं.

तिसरी नोंद : अडकलेला आकडा

डीएचटी२२ दोन रीडिंगमध्ये साधारण दोन सेकंदांचं अंतर मागतो. मी त्याला त्याहून लवकर विचारत होते. अंतर वाढवलं, आकडा हलू लागला. ही दुरुस्ती योग्यच होती, पण खरा दोष कोडमध्ये तसाच राहिला. रीडिंग फसलं तर लायब्ररी ‘नॅन’ देते, म्हणजे ‘आकडा नाही’. माझा प्रोग्राम अशा वेळी काहीच करत नव्हता, त्यामुळे डिस्प्लेवर मागचाच आकडा राहायचा. वायर तुटली असती तरी ‘रंगकाम चालेल’ दिसलं असतं. रीडिंग नसेल तिथे दोन रेघा दाखवणं हा खरा उपाय.

याच सेन्सरच्या चेकसमबद्दलही सांगते, कारण व्हायवात मी त्याच्यावर भिस्त ठेवली होती. सेन्सर ४० बिट पाठवतो, त्यातले शेवटचे ८ चेकसमचे. चेकसम जुळला म्हणजे आकडा वाटेत बिघडला नाही, एवढंच. सेन्सरनंच चुकीचा आकडा पाठवला असेल तर तोही चेकसमसकट व्यवस्थित पोचतो. ६३ असाच पोचला होता.

मग रिपोर्टमध्ये चांगलं काही आहे का?

आहे. कच्ची नोंद वेळेसकट ठेवली होती, म्हणूनच रीस्टार्टची जेवणाची सुट्टी दोन वर्षांनी सापडली. थोडी खोडाखोड केली नसती तर आणखी सापडलं असतं. सर्किटची आकृतीही खरी आहे, प्रत्यक्ष जोडणीशी जुळते.

आणि एक बाजू मांडायला हवी. प्रत्येक बिघाडामागे असं हात धुऊन लागायला कुणाला वेळ आहे? बाजारातला मिक्सर दुरुस्त करणारा पार्ट बदलतो, मिक्सर चालतो, काम संपतं. ते बरोबरच आहे. तो ‘मिक्सर चालतो’ एवढंच म्हणतो, त्याहून जास्त दावा करत नाही. तुमचं यंत्र उद्याच्या प्रदर्शनापुरतं चालायचं असेल तर तुम्हीही पार्ट बदला. रिपोर्टमध्ये तेच लिहा : ‘पार्ट बदलला, थांबलं, कारण तपासलं नाही.’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ज्या यंत्राच्या आकड्यावर तुम्ही निष्कर्ष काढणार आहात, किंवा दुसरा कुणी विश्वास ठेवून मूर्ती रंगवणार आहे, तिथे ‘कारण’ हा शब्द जपून वापरा.

मी ते पान आज पुन्हा लिहिलं तर प्रत्येक अडचणीसाठी पाच गोष्टी लिहीन. हात लावण्याआधी काय दिसलं. तेव्हा आजूबाजूला काय चालू होतं. किमान दोन संशयित कारणं. त्यांना वेगळं पाडणारी चाचणी. आणि बिघाड परत आणता आला का, कितींपैकी किती वेळा. शेवटच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी चालतील, रिकाम्या आहेत हे दिसलं पाहिजे.

पीएचडीच्या मुलाखतीत तुमच्या प्रोजेक्टबद्दल ‘काय चाललं नाही?’ असा प्रश्न येऊ शकतो. ‘लूज कनेक्शन होतं सर’ हे उत्तर तयार असेल, तर आजच जुनी फाइल उघडून तारखा बघा. तुम्ही सोल्डरिंग केलं त्या दिवशी आणखी काय बंद झालं होतं?